खेळातल्या जगालाही तारीख-वार हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांवर लेख आला, तो पाहून आधी बरं वाटलं. फासे, नकाशे आणि गेममास्टर यांना मराठी वर्तमानपत्रात अर्धं पान मिळणं ही काही रोजची गोष्ट नाही. पण लेखाखालच्या चौकटीत नवख्या गेममास्टरांना जो सल्ला दिला आहे, तो वाचल्यावर राहवेना. सल्ला असा: सँडबॉक्स खेळात खेळाडू कुठेही जाऊ शकतात, म्हणून तयारी एकाच किल्ल्याची करा. ते उत्तरेला गेले तर किल्ला उत्तरेला ठेवा, दक्षिणेला गेले तर दक्षिणेला. त्यांना कळणार आहे थोडंच!

कळतं. पहिल्या बैठकीत कळत नसेल, पण पुढे कळतंच. माझा जन्म हिशेब तपासण्यात गेला. रोजच्या रोज लिहिलेली वही आणि तपासनीस येणार म्हणून एका रात्रीत लिहून काढलेली वही यांतला फरक नवख्या कारकुनालाही दिसतो. दुसरीत सगळं जरा जास्तच जुळतं. खेळाडूंचंही तसंच असतं. कोणत्याही वाटेने गेलं तरी समोर बरोब्बर आपल्या ताकदीचाच शत्रू येतो, बरोब्बर आपण पोचलो की राजकन्येचं अपहरण होतं, हे त्यांच्या ध्यानात येतं आणि मग ते वाट विचारायचंच सोडून देतात. 'ने बाबा कुठे न्यायचं तिथे' असा चेहरा करून बसतात. सँडबॉक्स तिथेच संपला.

ज्यांनी लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं आणि गेममास्टर उरलेलं सगळं जग चालवतो. राजे, व्यापारी, भुतंखेतं, पाऊसपाणी सगळं त्याच्याकडे. बऱ्याच खेळांत तो एक कथानक बेतून आणतो. सँडबॉक्समध्ये कथानक नसतं. नकाशा असतो, त्यावर माणसं असतात, त्या माणसांना काही ना काही हवं असतं. कुठे जायचं, कोणाशी भांडायचं आणि कोणासमोर हात जोडायचे, ते खेळाडूंनी ठरवायचं.

लेखकाने याला 'नवा प्रवाह' म्हटलं आहे. तसं नाही, खेळाचं मूळच यात आहे. १९६९ मध्ये अमेरिकेत डेव्ह वेसली यांनी नेपोलियनच्या काळातल्या 'ब्राउनस्टाइन' नावाच्या काल्पनिक गावावर एक युद्धखेळ मांडला आणि सेनापतींबरोबर गावातल्या माणसांच्याही भूमिका खेळाडूंना वाटल्या. लढाई राहिली बाजूला. जो तो दुसऱ्याच्या मागे कट करत सुटला. खेळ फसला असं वेसलींना वाटलं, आणि खेळाडू मात्र 'पुन्हा कधी?' म्हणून त्यांच्या मागे लागले. त्याच मंडळीतले डेव्ह अर्नसन. त्यांनी पुढे 'ब्लॅकमूर' हे स्वतःचं जग चालवलं आणि १९७४ मध्ये त्यांचा व गॅरी गायगॅक्स यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' बाजारात आला.

त्या पहिल्या नियमपुस्तिकांत रानावनातल्या भटकंतीसाठी वेगळा नकाशा नव्हताच. 'आउटडोअर सर्व्हायव्हल' नावाचा एक बोर्डगेम १९७२ मध्ये निघाला होता, वाट चुकलेल्या माणसाने तहानभूक काढत जिवंत कसं राहायचं यावरचा. त्याचाच पट घ्या, पाणवठे असतील तिथे किल्ले समजा, घरं असतील तिथे गावं समजा, असं सांगून पुस्तिकांचे लेखक मोकळे झाले. एक षटकोनी घर म्हणजे ५ मैल, पायी माणूस दिवसाला ३ घरं. ही काटकसर मला फार आवडते, आणि ती केवळ काटकसर नाही. तो पट भलत्याच माणसाने भलत्याच कामासाठी काढलेला होता. किल्ला कुठे असला म्हणजे खेळाडूंना सोयीचं पडेल, हा विचार त्यामागे नव्हता. किल्ला लांब तर लांब. जायचं तर चाला.

पण नकाशा हलत नाही एवढ्याने जग खरं वाटत नाही. त्याला तारीख-वारही हवा. वेळेची काटेकोर नोंद ठेवली नाही तर कॅम्पेनला, म्हणजे बैठकांमागून बैठका चालणाऱ्या खेळाला, काही अर्थ राहत नाही, अशा आशयाचं एक सबंध वाक्य गायगॅक्स यांनी गेममास्टरांसाठी लिहिलेल्या १९७९ च्या मार्गदर्शिकेत मोठ्या अक्षरांत छापलं आहे. गेममास्टर मंडळी या वाक्यावर हसतात. म्हातारा ओरडतोय म्हणतात. मला विचाराल तर त्या जाडजूड पुस्तकातली बाकी कोष्टकं फाटली तरी चालतील, एवढं वाक्य राहिलं पाहिजे.

मी स्वतः गेममास्टर असते तेव्हा माझ्या वहीचं पान खेळातल्या महिन्याचं असतं. डाव्या बाजूला खेळाडूंनी काय केलं ते, उजव्या बाजूला बाकीच्यांनी काय केलं ते. उजवी बाजू महत्त्वाची. नकाशावर ज्यांची ज्यांची काही सत्ता आहे, त्यांच्यासाठी तीन गोष्टी लिहायच्या: काय हवंय, पुढचं पाऊल कोणतं, त्याला दिवस किती. अलीकडच्या काही खेळांत यासाठी एक वर्तुळ काढून त्याचे चार, सहा किंवा आठ भाग करतात आणि एकेक भाग भरत जातात. घड्याळच म्हणतात त्याला. मला आडव्या रेघा बऱ्या वाटतात, पण काम तेच. खेळाडू आड आले नाहीत तर ठरल्या दिवशी ठरलेली गोष्ट घडते. त्यांच्यासाठी कोणी खोळंबत नाही.

आमच्या टेबलावरचाच एक प्रसंग सांगते, म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. खेळात तीनदगड नावाचं एक खोऱ्यातलं गाव आहे. तिथे जनावरं भरपूर आणि कातडी कमावण्याचा धंदा मोठा. मीठ मात्र समुद्राकाठच्या मीठबंदरातून खेचरांच्या पाठीवर, करड्या घाटाने यायचं. सैन्यातून पळालेली एक टोळी, तिची म्होरकी एक लंगडी बाई, आणि तिला त्या घाटावर जकात बसवायची होती. वहीत तिची सहा पावलं लिहिली होती, दर पावलाला सात दिवस. चौकीवरच्या शिपायांना फोडणं हे पहिलं, घाट पूर्ण बंद करणं हे सहावं.

पहिल्याच बैठकीत सराईतल्या माणसाने सांगितलं होतं की दोन खेचरवाले घाटात गेले ते परत आले नाहीत. खेळाडूंनी मान डोलावली आणि दक्षिणेकडे निघून गेले, बुडालेल्या मंदिरातला खजिना काढायला. माझी काही हरकत नव्हती. जाणं, शोधणं, आजारी पडणं आणि येणं यात खेळातले सहा-सात आठवडे गेले.

परतले तेव्हा गावात ना राक्षस, ना आग. कातडी कमावणाऱ्यांचे हौद कोरडे पडलेले. मिठाशिवाय कच्ची कातडी टिकत नाहीत, ती गावाबाहेर ढीग करून टाकलेली आणि त्या वासावरून दोन वाड्यांत मारामारी झालेली. सराईवालीने उधारी बंद केलेली. खेचरवाले खेचरं मातीमोलाने विकायला काढून बसलेले. माझ्या भाच्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आत्या, खरं सांग. हे आधीच ठरलं होतं की आत्ता ठरवलंस?" मी वही उलटी करून त्याच्यापुढे सरकवली. त्याने बोट ठेवत ठेवत तारखा वाचल्या. मंदिराच्या पहिल्या दारापाशी ते कोडं सोडवत बसले होते, त्या दिवशी चौकी फुटली होती. "म्हणजे आपण तिथे बसलो होतो तेव्हा हे..." एवढं म्हणून तो बाकीच्यांकडे वळला आणि त्यांची जी जुंपली!

पुढचं तर माझ्या वहीत कुठेच नव्हतं. मला वाटलं, आता घाटावर चढाई करतील. चोराचं पात्र खेळणारी मुलगी नकाशावर वाकून म्हणाली, "नदी समुद्राला मिळते ना? मग मीठ नदीने का नाही येत?" कारण नकाशावर होतं: वाटेत दोन ठिकाणी धबधबे. नाव वर चढत नाही. "तिथे माल उतरवून खेचरांवर घालायचा. खेचरं फुकटात मिळतायत." आणि खरोखर, जमिनीवरून लांबचं ओझं वाहणं नेहमीच महाग, कारण जनावर वाटेत खात असतं. त्याच्यासाठी नेलेला चारा म्हणजे मालाची कमी झालेली जागा. पाण्यावर तो खर्च नाही. म्हणून तर रेल्वे येण्याआधीची मोठी शहरं बहुतेक नदीकाठी किंवा समुद्राकाठी वाढलेली दिसतात. त्या मुलीने अर्थशास्त्राचं पुस्तक उघडलं नव्हतं. नकाशा खरा होता म्हणून तिला ते दिसलं. मी बाईच्या सोयीसाठी घाट हलवला असता, किंवा खेळाडूंच्या सोयीसाठी धबधबे पुसले असते, तर ही युक्ती सुचायला जागाच नव्हती.

मीठ नदीने यायला लागलं तशी म्होरकीची जकात आटली. ती स्वतः बोलणी करायला खाली आली. ती कशी वागेल हे मी ठरवलं नाही, फाशांना विचारलं. १९७४ च्या नियमांतच ही सोय आहे: दोन फासे टाका, बेरीज फार कमी आली तर समोरचा वैरी, फार जास्त आली तर अनुकूल, आणि ६ ते ८ म्हणजे काही सांगता येत नाही. ३६ पैकी १६ वेळा हे मधलंच येतं, आणि माणसांशी पहिली गाठ पडते तेव्हा बहुधा असंच असतं. आले ८. तिने तलवारही काढली नाही आणि हातही पुढे केला नाही. एक रात्र मागून घेतली. त्या एका रात्रीत खेळाडूंनी काय काय गोंधळ घातला ते लिहीत बसले तर आपल्याला पुरवणीची पानं वाढवावी लागतील.

आता काही गेममास्टर म्हणतील, एवढं सगळं लिहायचं कधी? पण हे फार नसतं. बैठक संपल्यावर अर्धं पान. जवळच्या सत्तांना दोन-दोन ओळी, लांबच्या राज्यांना ऋतू बदलला की एक. उलट जगाचा दहा हजार वर्षांचा इतिहास, राजघराण्यांच्या वंशावळी, देवांची भांडणं असं बाड घेऊन येणारे मी पाहिले आहेत. खेळाडू विचारतात, या गावात मीठ कुठून येतं? बाड गप्प. (वंशावळी वाचायला मलाही आवडतात. पण टेबलावर त्या कोणी विचारत नाही.)

खेळाडूंना हलवणारी ओढ मात्र हवी, नाहीतर मोकळ्या जगात ते सराईतच बसून राहतात. याबाबतीत मार्क मिलर यांच्या 'ट्रॅव्हलर' या १९७७ च्या अंतराळखेळाला तोड नाही. तिथे जहाज कर्जावर मिळतं. किमतीचा पाचवा हिस्सा आधी भरायचा, मग दरमहा किमतीचा २४०वा भाग, ४८० महिने. म्हणजे ४० वर्षांत मूळ किमतीच्या २२० टक्के. हे नियमपुस्तकात पाहिलं तेव्हा मी खुर्चीत सरळ बसले. राजकन्या नको, भविष्यवाणी नको. महिना संपत आला की खेळाडू आपणहून विचारतात, कोणत्या ग्रहावर कोणता माल नेला तर हप्ता निघेल? त्याच खेळात आणखी एक मख्खी आहे. एका ताऱ्याहून दुसऱ्याकडे उडी मारायला साधारण एक आठवडा लागतो आणि बातमी जहाजापेक्षा वेगाने जात नाही. तीन उड्यांपलीकडे राजा मेला तरी तुमच्याकडे तीन आठवडे तो जिवंतच असतो, आणि त्याच्या नावाने काढलेली हुंडी वटते.

बातमीला लागणारा हा वेळ कोणत्याही जगात पाळावा, तलवारींच्या जगात तर नक्कीच. घाट चार दिवसांवर असेल तर तिथली खबर चार दिवसांनी येते आणि वाटेत वाढते. आमच्याकडे ती टोळी चाळीस जणांची होती. तीनदगडला पोचेपर्यंत दोनशेची झाली. खेळाडूंना दोनशेच सांगितले. जाऊन पाहिलंत तर चाळीस दिसतील.

धोक्याबद्दल लेखकाशी माझं अर्धं पटतं. नवख्या पात्रांना पहिल्याच दिवशी ड्रॅगनच्या तोंडी देऊ नये, हे बरोबर. पण त्यावर त्यांचा उपाय म्हणजे ड्रॅगन लहान करायचा! मग पुढे पात्रं बलवान झाली की तोच डोंगर, तोच ड्रॅगन, आता मोठा. हे कसलं जग? ड्रॅगन आहे तेवढाच राहू दे, त्याच्या खुणा दाखवा. डोंगराच्या एका अंगाला गुरं चरत नाहीत. झाडांचे शेंडे एकाच बाजूने जळलेले. गुराखी त्या नाल्यापलीकडे पाऊल टाकत नाही आणि कारण विचारलं तर विषय बदलतो. एवढं पाहूनही कोणी वर गेला तर तो त्याचा निर्णय, आणि पात्र मेलं तर मेलं. आमच्याकडे एक असं मेलं. खेळणाऱ्याला वाईट वाटलं, पण तो चिडला नाही. नाल्यापाशी काय काय पाहिलं होतं ते त्याला आठवत होतं. खुणा न दाखवता मारलं असतं तर त्याने माझं तोंड पाहिलं नसतं, आणि योग्यच केलं असतं. माहितीच दिली नाही तर उत्तर की दक्षिण ही निवड उरत नाही, नाणं उडवणं होतं.

ऐनवेळी सुचलेलं टेबलावर आणू नये असं माझं म्हणणं नाही. ते आणावंच लागतं, खेळाडू नावाड्याचं नाव विचारतातच. फक्त तोंडातून निघालं की त्याच क्षणी वहीत गेलं पाहिजे, आणि मग ते खरं. नावाडी उजव्या कानाने बहिरा आहे असं एकदा बोलून गेले, तर तो पुढच्या वर्षीही उजव्याच कानाने बहिरा. खेळाडू अशा गोष्टी मुद्दाम तपासून पाहतात, एक बाई तर त्याच्याशी कायम उजव्या बाजूने बोलायची. लेखातल्या सरकत्या किल्ल्यात आणि यात फरक इतकाच की माझा नावाडी एकदा बसला की उठत नाही.

जाता जाता लेखासोबत छापलेल्या नकाशाबद्दल. त्यात डोंगरातून निघालेली नदी मध्येच दुभंगते आणि तिचे दोन फाटे पूर्व-पश्चिमेच्या दोन वेगळ्या समुद्रांना मिळतात. नद्या उताराने वाहतात आणि सहसा एकमेकींना मिळत जातात. मुखाशी त्रिभुज प्रदेशात फाटे फुटतात ते निराळं. अपवाद नाहीत असं नाही: व्हेनेझुएलात कासिकियारे नावाचा प्रवाह ओरिनोकोचं पाणी घेऊन रिओ नेग्रोला, म्हणजे पर्यायाने ॲमेझॉनला नेऊन सोडतो, आणि १८०० मध्ये आलेक्सांडर फॉन हुम्बोल्ट त्यातून नावेने गेले होते. चित्रकाराला तो अपवादच काढायचा असेल तर खुशाल काढावा. पण मग त्या फाट्यावर वस्ती का नाही? दोन समुद्रांचा माल ज्या एका ठिकाणावरून जातो तिथे जकातनाकं हवं, गोदामं हवीत, आणि त्यावरून एकमेकांच्या उरावर बसलेले निदान दोन राजे हवेत. नकाशात तिथे नुसतं जंगल दाखवलं आहे. पुढच्या रविवारी दुरुस्ती छापावी, ही विनंती. नदी एका समुद्राकडे वळवली तरी चालेल, किंवा जंगल तोडून नाकं बसवलं तरी चालेल.

आपली,
एक नियमित वाचक
(निवृत्त लेखापरीक्षक)